पाकीट आणि पाणी

तिलवाऱ्याच्या पुलावर उभं राहिलं की खाली नर्मदा वाहताना दिसते आणि पाठीमागून नागपूरच्या दिशेनं ट्रक धडधडत जातात. जबलपुरात रुजलेल्या आमच्यासारख्या मराठी घरांना या रस्त्याची ओढ जुनी आहे. १९५६पर्यंत नागपूर आणि जबलपूर एकाच राज्यात होती, राजधानी नागपूरला होती, आणि कचेऱ्यांच्या, रेल्वेच्या, शाळांच्या नोकऱ्यांमागून कितीतरी कुटुंबं नर्मदेच्या या तीरावर येऊन राहिली. त्या वर्षीच्या १ नोव्हेंबरला विदर्भ मुंबई राज्यात गेला आणि आम्ही मध्यप्रदेशात राहिलो. संक्रांतीला आजही तिलवाऱ्याला मेळा भरतो. तिळगूळ घरी वाटून झाला की आम्ही तिकडे जातो.

या पानांचा विषय मात्र संगणकाचा आहे. फंक्शनल प्रोग्रॅमिंग शिकणाऱ्याला पहिल्या महिन्यातच एक प्रश्न अडवतो. समोर एखादी वस्तू आली, तिच्या स्वरूपाप्रमाणे निरनिराळं उत्तर द्यायचं आहे, तर ते 'जर-तर' लिहून द्यावं की साचे मांडून? वर्गात तो असा विचारला जातो: "मॅडम, इथं इफ लावू का पॅटर्न?" मी बरीच वर्षं "दोन्ही चालतं, वाचायला सोपं वाटेल ते लिही" असं सांगत आले. ते उत्तर अपुरं होतं, आणि काही वेळा चुकीचं होतं, असं आता माझं मत झालं आहे. ही प्रस्तावना त्यामुळेच लांबली आहे.

सुरुवात पाकिटापासून करते. टपालाच्या पाकिटावर आपण जो सहा आकडी पिनकोड लिहितो, तो १५ ऑगस्ट १९७२ला सुरू झाला आणि तो आखला श्रीराम भिकाजी वेलणकरांनी. वेलणकर दळणवळण मंत्रालयातले अधिकारी होते आणि संस्कृतातले कवी-नाटककारही होते. देशात एकाच नावाची अनेक गावं, पत्ते निरनिराळ्या लिप्यांत आणि निरनिराळ्या हस्ताक्षरांत, अशा स्थितीत पत्र योग्य पिशवीत पडावं यासाठी ही रचना होती. पहिला आकडा विभागाचा, दुसरा उपविभागाचा, तिसरा छाननीच्या जिल्ह्याचा आणि शेवटचे तीन टपाल कचेरीचे. ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्यप्रदेश आणि छत्तीसगड. ४८२ म्हणजे जबलपूर, ४४० म्हणजे नागपूर. सुरुवातीला ९ असेल तर ते पत्र लष्करी टपालाचं, त्याचा भूगोलाशी संबंध नाही.

पत्रं छाननाऱ्या माणसाचे हात डोळ्यांसमोर आणा. तो ४८२००३ ही संख्या चार लाख ब्याऐंशी हजार तीन अशी वाचत नाही. ती कुठल्या संख्येपेक्षा मोठी आणि कुठल्या संख्येपेक्षा लहान, हा प्रश्न त्याच्या मनाला शिवतही नाही. तो पहिला आकडा पाहतो, मग दुसरा, मग तिसरा, आणि पाकीट एका खणात जातं. पिनकोड दिसायला संख्या असला तरी ती संख्या नव्हेच. दोन पिनकोडांची बेरीज करून काही हाती लागत नाही, त्यांची सरासरी म्हणजे कुठलंही गाव नव्हे. त्याला अवयव आहेत आणि त्या अवयवांना अर्थ आहे. हेच प्रोग्रॅममध्ये साच्यांनी लिहायचं झालं तर असं दिसेल:

विभाग (४ : ० : ३ : _) = गोवा
विभाग (४ : ० : _) = महाराष्ट्र
विभाग (४ : ४ : _) = महाराष्ट्र
विभाग (४ : ८ : _) = मध्यप्रदेश
विभाग (९ : _) = लष्करी टपाल

डावीकडे वस्तूचा आकार, उजवीकडे उत्तर. खालची आडवी रेघ म्हणजे 'इथं काहीही असो'. आता हेच जर-तर वापरून लिहिणारा विद्यार्थी बहुधा असं लिहितो: पिन ४००००० किंवा त्याहून मोठा आणि ४५०००० पेक्षा लहान असेल तर महाराष्ट्र. प्रोग्रॅम चालतो, मुंबईचं, पुण्याचं, नागपूरचं पत्र बरोबर जातं आणि पणजीचं पत्र महाराष्ट्रात पडतं. साच्यांच्या मांडणीत ४०३ची ओळ ४०च्या ओळीच्या वर डोळ्यांना दिसते. सीमा आकड्यांच्या तुलनेत लिहिली की हा अपवाद पोटात गडप होतो. विद्यार्थी निष्काळजी नसतो. त्यानं एका रचनेला राशी समजून हात घातलेला असतो.

अपवाद आधी आणि नियम मागून, ही शिस्त मराठी बोलणाऱ्याला नवी नाही. विभक्तीचा प्रत्यय लावण्याआधी आपण शब्दाचा शेवट पाहतो. पुल्लिंगी आकारान्त शब्द असेल तर त्याचं सामान्यरूप 'या' लागून होतं: घोडा, घोड्याला; गोवा, गोव्याला; तिलवारा, तिलवाऱ्याला. पण काका, मामा, दादा, राजा हे शब्दही पुल्लिंगी आणि आकारान्तच आहेत, त्यांना मात्र आपण काकाला, मामाला, राजाला म्हणतो. म्हणजे नात्याच्या आणि आदराच्या शब्दांचा खण आधी तपासायचा, तिथं नाही सापडला तर मग सर्वसाधारण खण. १९११मध्ये मोरो केशव दामल्यांचं, म्हणजे केशवसुतांच्या भावाचं, 'शास्त्रीय मराठी व्याकरण' प्रसिद्ध झालं. हे सारे साचे आमची आजी न शिकता बोलत होती, दामल्यांसारख्यांनी ते वर्गवारी करून कागदावर आणले. माझे हिंदी बोलणारे विद्यार्थी 'तिलवारा में' म्हणतात, माझ्या तोंडून 'तिलवाऱ्यात' येतं. दोघांनी शब्दाचा शेवट पाहूनच निर्णय केला, फक्त साचे वेगळे.

इथं एक फरक सांगायला हवा, कारण त्यावर नवखे हमखास अडखळतात. पाणिनीच्या व्याकरणात विशेष नियम सर्वसाधारण नियमाला बाजूला सारतो, मग तो ग्रंथात कुठेही येवो, आणि समान बळाचे दोन नियम भिडले तर मागून आलेला जिंकतो. हॅस्केल किंवा ओकॅमल या फंक्शनल भाषांमध्ये उलट आहे. वरून खाली वाचत जायचं, जो साचा पहिला जुळेल तो जिंकला. विशेष कोण आणि सर्वसाधारण कोण, हे भाषा स्वतःहून ठरवत नाही, ती जबाबदारी लिहिणाऱ्याची. वरच्या मांडणीत गोव्याची ओळ महाराष्ट्राच्या खाली नेली तर ती कधीच गाठली जाणार नाही. मात्र ती ओळ फुकट आहे असा इशारा कंपायलर देतो. जर-तरच्या उतरंडीत असा इशारा सहसा मिळत नाही, कारण अटींच्या आत काय लिहिलं आहे याचा अर्थ लावणं त्याच्या आवाक्याबाहेरचं असतं.

'कंपायलर काय पाहू शकतो' हा मुद्दा माझ्या दृष्टीनं सगळ्यात मोठा आहे. पण त्याकडे जाण्याआधी थोडा इतिहास सांगते, कारण अट आणि साचा या दोन गोष्टी दोन वेगळ्या गरजांतून जन्मल्या.

सुरुवातीच्या फोर्ट्रानमधला इफ एक संख्या घेत असे आणि ती ऋण, शून्य की धन यावरून प्रोग्रॅमला तीन ठिकाणांपैकी एका ठिकाणी उडी मारायला लावत असे. त्याचं काम उडी मारण्याचं, उत्तर देण्याचं नव्हे. जॉन मॅकार्थी यांनी लिस्प भाषेवरच्या १९६०च्या निबंधात अटीला पदावलीचा दर्जा दिला. जर-तरला स्वतःची किंमत आली, आणि स्वतःलाच बोलावणारी फंक्शनं गणितासारखी लिहिता येऊ लागली. फंक्शनल प्रोग्रॅमिंगचा उगम सांगताना हा क्षण सांगावाच लागतो. म्हणजे जर-तर ही काही बाहेरून घुसलेली परकी गोष्ट नाही, ती या घराण्यातली थोरली आहे.

साचा आला सिद्धतेच्या वाटेनं. १९६९मध्ये रॉड बर्स्टॉल यांनी प्रोग्रॅमचे गुणधर्म रचनेवरच्या विगमनानं कसे सिद्ध करावेत यावर निबंध लिहिला. यादी एक तर रिकामी असते, नाही तर एक घटक आणि उरलेली यादी अशी असते. सिद्धता करताना या दोन प्रकारांचे दोन भाग पाडावे लागतात. मग प्रोग्रॅमही त्याच दोन भागांत का लिहू नये? पुढच्याच वर्षी, १९७०मध्ये, बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात फ्रेड मॅकब्राइड यांनी आपल्या प्रबंधात लिस्पला साचे जोडून दाखवले. त्यांचे चिरंजीव कॉनॉर मॅकब्राइड पुढे याच विषयातले नावाजलेले संशोधक झाले. एडिनबरात रॉबिन मिल्नर यांची एमएल भाषा वाढली, १९८०मध्ये बर्स्टॉल आणि सहकाऱ्यांची होप आली, १९८५मध्ये डेव्हिड टर्नर यांची मिरांडा, १९९०मध्ये हॅस्केल. आणि ज्या भाषांना आपण फंक्शनल म्हणत नाही त्यांनीही शेवटी हे घेतलं: पायथॉननं २०२१मध्ये ३.१० या आवृत्तीत, जावानं २०२३च्या २१व्या आवृत्तीत स्विचमध्ये.

आता पाण्याकडे येते. तिलवाऱ्याच्या वरच्या अंगाला बरगी धरण आहे, म्हणजे राणी अवंतीबाई सागर. धरणाला २१ दारं आहेत आणि जलाशयाची पूर्ण पातळी ४२२.७६ मीटर. पावसाळ्यात दारं उघडली की खालच्या ग्वारीघाट, तिलवारा, लम्हेटा, भेडाघाट या घाटांवर सावधगिरीचा इशारा जातो. जबलपुरात वाढलेल्या प्रत्येकाच्या कानात तो इशारा आहे. एका पावसाळ्यात आम्ही वर्गात सराव म्हणून एक छोटा प्रोग्रॅम लिहिला: रोजची पातळी त्यात भरायची आणि घाटावर जावं की नाही हे त्यानं सांगायचं. कुणी त्यावर विसंबून नव्हतं, तो आमच्या वर्गाच्या पडद्यापुरताच होता. मुलांनी लिहिलं:

जर पातळी >= ४२२.७६ तर "घाटावर जाऊ नका" नाही तर "हरकत नाही"

एका दिवशी नोंद मिळाली नाही. नोंद नसेल तर शून्य भरायचं असं आम्हीच ठरवलं होतं. शून्य ४२२.७६ पेक्षा लहान. पडद्यावर "हरकत नाही" आलं. बाहेर दिवसभर पाऊस कोसळत होता आणि आम्हाला नदीबद्दल काहीही ठाऊक नव्हतं. मी ती ओळ बराच वेळ पाहत राहिले. तुलना अचूक होती, अटही अचूक होती. पण 'माहिती नाही' ही अवस्था आम्ही राशीच्या वेषात आत सोडली होती, आणि अटीनं तिला राशीसारखंच वागवलं.

दुसरी चूक अधिक खोल होती आणि ती एका विद्यार्थिनीनं दाखवली. दारं उघडण्यासाठी जलाशय काठोकाठ भरण्याची वाट पाहिली जात नाही. पावसाळ्याच्या ऐन मध्यात पुढच्या पुराला जागा राहावी म्हणून जलाशय मुद्दाम रिकामा ठेवावा लागतो. त्यामुळे पातळी ४२२.७६च्या खाली असतानाही दारं उघडलेली असू शकतात. घाटावर उभ्या असलेल्या माणसाला पातळीच्या आकड्याशी देणंघेणं नसतं. दार उघडलं आहे का, किती उघडली आहेत, हे त्याला हवं असतं. आम्ही मोजायला सोपी राशी धरली आणि खरी घटना सोडून दिली. मग आम्ही आधी खबर किती प्रकारची असू शकते ते लिहून काढलं:

खबर = दारं बंद (पातळी) | दारं उघडी (किती) (पातळी) | खबर नाही

आणि त्यानंतरच इशारा लिहिला:

इशारा (खबर नाही) = "ठाऊक नाही, घाटावर जाऊ नका"
इशारा (दारं उघडी क प) = "जाऊ नका, क दारं उघडी आहेत"
इशारा (दारं बंद प)
  | प >= ४२२ = "दारं केव्हाही उघडतील, लांब राहा"
  | एरवी = "हरकत नाही"

४२२ हा आकडा आमचा, वर्गापुरता धरलेला. पण या पाच ओळींच्या मांडणीत मला या विषयाचं सार दिसतं. आधी तीन साचे, कारण खबर तीन आकारांत येते. मग तिसऱ्या साच्याच्या आत एक अट, कारण तिथं प्रश्न खरोखर राशीचा आहे. साच्याच्या पोटात बसवलेल्या या अटीला गार्ड म्हणतात. ज्याचे अवयव पाडता येतात तिथं साचा, ज्याचं मोजमाप करायचं तिथं अट. पिनकोडाचे अवयव पडतात. पाण्याची पातळी मोजायची असते. ४२२.७६ हा साचा म्हणून लिहिला तर अपूर्णांकांची नेमकी बरोबरी होण्यावर सगळी भिस्त राहील, आणि ४२२.७७ला प्रोग्रॅम मूग गिळून बसेल.

या दोन टोकांच्या मध्ये अवघड जागा आहेत. पिनकोडाच्या दुसऱ्या आकड्याचंच पाहा. मध्यप्रदेशाचे ४५, ४६, ४७ आणि ४८ असे चार उपविभाग आहेत. साच्यांनी लिहायचं तर चार ओळी लिहाव्या लागतात. 'पहिला आकडा ४, दुसरा द, आणि द ५ ते ८च्या दरम्यान' असं गार्डनं लिहिलं तर एकच ओळ पुरते. मला इथं गार्ड पसंत आहे. तो आकड्याला राशी मानतो हे खरं, पण फक्त एका जागेपुरतं. रचना मोडत नाही. उलट दोनच पर्याय असतील आणि ते खरोखर हो-नाहीचेच असतील, तर तिथं खऱ्या-खोट्याचे साचे मांडण्यात अर्थ नाही, साधा इफ लिहावा. तसं पाहिलं तर इफ म्हणजे दोनच आकार असलेल्या वस्तूवरचा साचाच. त्या दोन आकारांच्या पोटात काही नसतं, एवढाच त्याचा दुबळेपणा.

तो दुबळेपणा जरा उलगडून सांगते. यादी रिकामी आहे का, असं विचारलं की उत्तर येतं 'नाही'. त्या 'नाही'त यादीचा पहिला घटक नसतो. तो काढायला पुन्हा यादीकडे जावं लागतं, आणि तोवर ती यादी तपासलेली आहे हे फक्त लिहिणाऱ्याच्या डोक्यात राहतं. तपासणी एका ओळीवर, घटक काढणं दुसऱ्या ओळीवर. सहा महिन्यांनी कुणी मधली ओळ हलवली की प्रोग्रॅम कोसळतो. साचा मात्र तपासतो त्याच क्षणी भागांना नावं देतो. 'पहिला : उरलेले' असा साचा जुळला म्हणजे पहिला हाती आलेलाच असतो, न तपासता तो मिळवण्याची वाटच नाही. हॅस्केलच्या जीएचसी कंपायलरनं २०२३च्या ९.८ आवृत्तीपासून यादीचं डोकं काढणाऱ्या आणि शेपूट काढणाऱ्या फंक्शनांवर इशारा द्यायला सुरुवात केली, ती याच कारणासाठी. मी वर्गात सांगते, इफनं विचारलेला प्रश्न विसरला जातो, साच्यानं दिलेलं नाव हातात राहतं.

आता कंपायलर काय पाहू शकतो त्याकडे. खबरीचे तीन प्रकार आम्ही आधीच लिहून दिले होते. त्यामुळे इशाऱ्यात एखादा प्रकार राहून गेला तर कंपायलर नाव घेऊन सांगतो की 'खबर नाही' या आकाराचं काय करायचं ते लिहिलेलं नाही. ही तपासणी कशी करावी यावर लुक मारांजे यांचा २००७चा निबंध आहे, ओकॅमलमध्ये असे इशारे कसे काढतात हे समजून घ्यायचं तर तो वाचावा. ओकॅमल हा इशारा आपणहून देतो. रस्ट ही भाषा तर असा प्रोग्रॅम चालूच देत नाही. हॅस्केलमध्ये तो मागून घ्यावा लागतो. मात्र गार्डच्या आतल्या अटी खऱ्या ठरतील की नाही हे कंपायलरला सर्वसाधारणपणे कळत नाही, म्हणून शेवटी 'एरवी' लिहावंच लागतं. अटींचं जाळं जितकं मोठं, तितकी कंपायलरची नजर अधू.

आणि म्हणूनच त्या आडव्या रेघेबद्दल मला मनापासून काळजी वाटते. १ नोव्हेंबर २०००ला छत्तीसगड वेगळं झालं. त्याआधी ४५ ते ४९ हे सारे उपविभाग मध्यप्रदेशातच होते, त्या तारखेपासून ४९ छत्तीसगडचा. समजा, १९९५मध्ये कुणी राज्यांची यादी करून प्रत्येक राज्याच्या राजधानीचं, उच्च न्यायालयाचं, भाषेचं फंक्शन लिहिलं, आणि सगळीकडे शेवटी 'इतर काहीही असो' अशी रेघ टाकून ठेवली. २००० साली यादीत छत्तीसगड वाढवल्यावर प्रोग्रॅम निमूटपणे चालत राहील आणि रायपूरच्या माणसाला भलतंच उच्च न्यायालय दाखवील. रेघेऐवजी प्रत्येक राज्याचं नाव लिहिलं असतं, तर यादीत एक नाव वाढवताक्षणी कंपायलरनं जिथं जिथं विचार करायला हवा त्या प्रत्येक जागेवर बोट ठेवलं असतं. २०१४मध्ये तेलंगणाच्या वेळी पुन्हा तेच. लिहायला दहा ओळी जास्त लागतात, हे खरं. पण राज्यांच्या सीमा हलतात हे जबलपूरच्या मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. आमच्या आजोबांच्या नोकरीत राजधानी नागपूरहून भोपाळला गेली आणि उच्च न्यायालय नागपूरहून इथं आलं.

रेघ कधीच वापरू नये असं मी म्हणत नाही. आकडे, अक्षरं, नावं यांसारख्या न संपणाऱ्या वस्तूंवर साचे मांडताना ती लागतेच. पिनकोडाच्या मांडणीतही शेवटी 'असा पिनकोड नाही' ही ओळ हवी. पण आपण स्वतः ठरवलेल्या, मोजक्या पर्यायांच्या यादीवर ती टाकताना हात थांबला पाहिजे.

साच्यांचीही एक अडचण आहे आणि तिच्याकडे काणाडोळा करणारे लेख मला खटकतात. साचा वस्तू उघडून पाहतो, म्हणजे ती आतून कशी घडवली आहे हे त्याला ठाऊक असावं लागतं. पत्त्यांची वही आज यादी म्हणून ठेवली, उद्या शोध जलद व्हावा म्हणून झाडासारखी मांडायची ठरवली, तर यादीच्या साच्यांनी लिहिलेला प्रत्येक प्रोग्रॅम मोडतो. अशा वस्तूंच्या बाबतीत आतलं गुपित ठेवावं आणि 'वही रिकामी आहे का', 'हा पत्ता आहे का' असे प्रश्न विचारणारी फंक्शनं बाहेर द्यावीत. तिथं जर-तर योग्य. या पेचावर फिलिप वॉडलर यांनी १९८७मध्ये 'व्ह्यू'ची कल्पना मांडली, म्हणजे आत काहीही असो, बाहेरून पाहणाऱ्याला वेगळा आकार दाखवायचा. हॅस्केलमध्ये २०१४पासून पॅटर्न सिनोनिम नावाची सोय आहे, ती याच वाटेवरची.

अजून एक खड्डा आहे आणि त्यात दरवर्षी निम्मा वर्ग पडतो. आधी 'सीमा' नावाखाली एक आकडा ठेवलेला असतो. विद्यार्थी साच्यात 'सीमा' लिहितो आणि समजतो की आलेली किंमत त्या आकड्याशी ताडली जाईल. तसं होत नाही. साच्यात लिहिलेलं नाव हे नवं नाव असतं, येईल त्या वस्तूला ते चिकटतं आणि सगळंच जुळतं. ताडून पाहायचं असेल तर गार्डमध्ये बरोबरी लिहावी लागते. एकाच साच्यात एकच नाव दोनदा लिहून 'दोन्ही जागी तेच असेल तर' असंही हॅस्केल आणि एमएल लिहू देत नाहीत. मिरांडा लिहू देत असे. पाठवणाऱ्याचा आणि घेणाऱ्याचा पिनकोड एकच आहे का हे पाहायचं तर दोन नावं घ्या आणि गार्डमध्ये ती बरोबर आहेत का विचारा. बरोबरी ही तुलना आहे आणि तुलना हे अटीचं काम.

पुढच्या धड्यांत उदाहरणं हॅस्केलमध्ये आहेत. इथं मी मांडणी मराठीत लिहिली, कारण पहिल्या वाचनात डोळा चिन्हांवर अडू नये. पण प्रत्यक्षात प्रकारांची नावं हॅस्केलला मोठ्या अक्षरानं सुरू झालेली लागतात, देवनागरीला मोठी-लहान अक्षरं नसल्यानं तिथं आपली लिपी चालत नाही. पहिला धडा पिनकोडाचा आहे, त्यात गोव्याची ओळ मुद्दाम चुकीच्या जागी ठेवली आहे. तिसऱ्यात बरगीची खबर येते, आणि त्यात 'एक दार अडकलं आहे' असा चौथा प्रकार तुम्ही स्वतः वाढवायचा आहे. तो वाढवण्याआधी कंपायलरचा डब्ल्यू-ऑल हा पर्याय चालू करा. मग इशाऱ्याच्या फंक्शनला हात न लावता फक्त खबरीच्या यादीत तो प्रकार लिहा, कंपाइल करा, आणि पडद्यावर आलेल्या ओळी वाचत बसा.